ओसरीवरून : शिआनचें परान्न

गेल्या महिन्याच्या लेखांत मी चीन देशांतील शिआन नगराहून लिहीत असल्याचा ओझरता उल्लेख होता. त्यावर जीं पत्रें आलीं, त्यांत तेथील हवापाणी अथवा राज्यव्यवस्था यांविषयीं विचारणारीं थोडीं. बहुतेकांचा प्रश्न एकच : "मास्तर, तेथें तुम्ही खातां तरी काय?" एका वयोवृद्ध भगिनींनीं तर मेतकुटाची पुरचुंडी कोणाबरोबर धाडावी, अशी पृच्छा केली आहे. मी त्यांचा ऋणी आहें. हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतला एखादा मुलगा, एखादी लेक परदेशीं नाहीं असें घर आज विरळा. आणि उतारवयांत आईबापांस तिकडे जाऊन राहण्याचा प्रसंग येतोच. तेथें पहिला पेंच पडतो तो पानावरचा. म्हणून या खेपेस परान्नाविषयींच चार शब्द लिहितों.

प्रथम माझी स्थिति सांगितली पाहिजे. मॅट्रिक होऊन जो शाळेंत शिरलों, तो संस्कृत शिकवीत शिकवीत तेथूनच निवृत्त झालों. मांस, मासे, अंडें यांस आमच्या राजापूरच्या घरांत कधीं थारा नव्हता. चातुर्मासांत कांदालसूणही बंद. लग्नकार्य आणि श्राद्धपक्ष सोडले, तर दुसऱ्याच्या हातचें मीं फारसें खाल्लें नाहीं. असा हा मनुष्य कार्तिकी एकादशीनंतर मुलाकडे शिआनला आला. मुलगा येथें एका कारखान्यांत अभियंता आहे. सूनबाई आणि नऊ वर्षांची नात एवढाच त्याचा संसार. माझ्या पेटींत मेतकूट, कुळथाचें पीठ, पोहे आणि आमसुलें होतीं. त्या बळावर मीं पहिला महिना काढला. नातीला शाळेंतून घरीं आणण्याचें काम माझ्याकडे होतें. वाटेंत दोन्ही अंगांस खाद्यपदार्थांच्या वाफाळलेल्या गाड्या, ती रेंगाळे, मी तिचा हात ओढीं आणि म्हणें, "चल, घरीं आजीनें दिलेले पोहे आहेत." ती मुकाट्यानें चाले.

माझा हा ताठा उतरविला तो एका चिनी भिक्षूनें. शिआन म्हणजे जुनें छांगआन, थांग राजांची राजधानी. आपण शाळेंत ज्याचें नांव शिकलों तो ह्युएनत्संग सोळा-सतरा वर्षें परमुलखांत काढून इ.स. ६४५ मध्यें ६५७ ग्रंथांसह याच नगरीं परतला. दुसऱ्या पुलकेशीच्या अमदानींत तो आपल्या महाराष्ट्रांतही येऊन गेला होता. त्यानें आणलेल्या ग्रंथांसाठीं इ.स. ६५२ मध्यें बांधलेला मनोरा अद्याप उभा आहे. एका रविवारीं नात मला तो दाखवावयास घेऊन गेली. तेथें उभा असतां त्याच्या प्रवासवृत्तांतांतील आपल्या लोकांच्या जेवणाचें वर्णन मला आठवलें. जेवणापूर्वीं धुऊन स्वच्छ होणें, उरलेलें अन्न पुन्हां न वाढणें, मातीचीं व लांकडाचीं भांडीं एकदां वापरून टाकून देणें, जेवणानंतर चूळ भरणें. आमचें सारें सोवळेंओवळें त्यानें टिपून ठेविलें आहे. पीच या फळास तिकडे 'चीनानी' आणि नासपतीस 'चीनराजपुत्र' म्हणतात, कारण चीनकडून आलेल्या ओलिसांनीं तीं झाडें प्रथम लाविलीं, हेंही तोच सांगतो. स्वतः व्रतस्थ असून त्यानें परक्यांचें पान इतकें निरखून पाहिलें. आणि मीं मात्र महिनाभर त्याच्या गांवांत राहून त्याच्या लोकांच्या पानाकडे पाठ फिरविली! मनांत लाजलों. नातीला म्हटलें, "आज तूं दाखव. जें मला चालेल तें मी खाईन."

तिनें मला प्रथम 'ल्यांगफी'च्या गाडीवर नेलें. या शब्दाचा अर्थ 'थंड साल'. गव्हाची कणीक मळून पाण्यांत धुवावयाची; धुतां धुतां तिचें सत्त्व पाण्यांत उतरतें आणि हातांत चिवट गोळा राहतो. सत्त्व खालीं बसलें कीं पसरट ताटांत पातळ ओतून वाफवावयाचें आणि त्या पारदर्शक पापुद्र्याच्या पट्ट्या कापावयाच्या. चिवट गोळाही वाफवून स्पंजासारखे तुकडे करून त्यांत घालतात. वर काकडीच्या सळ्या, मोडाचे मूग, मीठ, शिरका, लसणाचें पाणी आणि लाल तिखटाचें तेल. पहिला घांस घेतला आणि मी चमकलों. अहो, हा तर गव्हाचा चीक! चैत्रांत कुरडया घालतांना कढईभोवतीं बसून आपण वाटीवाटीनें जो खातों, तोच. आपण तो गरम खातों आणि उरलेला वाळवून बरणींत भरतों. हे लोक थंड करून तिखट लावून खातात. गहूं आणि पाणी यांतून दोन देशांच्या बायकांनीं एकच युक्ति काढली आहे.

पुढें 'यौफोम्येन'. शेन्सी प्रांतांत शेवया पट्ट्याएवढ्या रुंद ओढतात. त्या उकडून वाडग्यांत घ्यावयाच्या, वर सुक्या मिरचीची भरड व लसूण ठेवावयाचा आणि त्यावर कडकडीत तापलेलें तेल ओतावयाचें. तो चर्र आवाज झाला आणि मला आमचें माजघर आठवलें. ही फोडणीच, फक्त येथें ती अगदीं शेवटीं, खाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पडते. मिरची तर दोघांचीही नव्हे. ती मूळची अमेरिकेची, कोलंबसाच्या इ.स. १४९२ च्या सफरीनंतरच ती आपल्या आशिया खंडांत आली. परंतु आज तिच्यावांचून ना कोल्हापूरचें पान हलत, ना शिआनचें.

तिसरा चमत्कार जिभेवरचा. एका भाजींत कसलेसे लहान तांबूस दाणे होते. चावले आणि ओठांस मुंग्या आल्या. क्षणभर घाबरलों, मग नाकांत वास भरला आणि ओळख पटली. हें तिरफळ! येथील 'ह्वाज्याओ' आणि आमच्या कोंकणांतील तिरफळ हीं एकाच कुळांतलीं झाडें आहेत. तसेंच टेंभुर्णीच्या कुळांतलें एक लालकेशरी, टोमॅटोएवढें फळ येथें पिकतें. त्याचा गर पिठांत मळून, आंत साखर, अक्रोड व सुगंधी फुलें भरून तेलांत तळतात. आपले भोपळ्याचे घारगे ज्यांनीं खाल्ले आहेत, त्यांना याहून निराळें वर्णन नको. पैसे देण्याची रीत तेवढी नवी : गाडीवर काळापांढरा चौकोन टांगलेला असतो, त्यावर फोन धरला कीं पैसे पोंचतात. माझ्या हातांतली नोट पाहून पहिल्या दिवशीं विक्रेत्याची सुट्ट्यासाठीं जी धांवपळ झाली, ती पाहून मींही ही विद्या मुलाकडून शिकून घेतली.

येथवर सर्व गोड झालें. आतां जें लिहितों, तें लिहावें कीं नाहीं याचा मीं आठ दिवस विचार केला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक बाई 'बाओझ' विकते. मैद्याचें आंबवलेलें आवरण, आंत सारण, वरच्या बाजूस मोदकासारख्या कळ्या पाडून मिटविलेलें तोंड, आणि बांबूच्या करंड्या एकावर एक रचून वाफविलेले. नातीनें तिला माझ्या सांगण्यावरून विचारलें, "यांत मांस आहे का?" बाईनें पालेभाजीच्या करंडीकडे बोट केलें : "यांत नाहीं." तेव्हांपासून तीन आठवडे रोज सकाळीं शाळेस जातांना आम्ही दोघें दोन-दोन बाओझ खात असूं. नात तिला 'आयी' म्हणे. या शब्दाचा अर्थ मावशी. ती मला 'येये' म्हणूं लागली, म्हणजे आजोबा. थंडीच्या दिवसांत त्या वाफेपाशीं उभें राहण्यांत मोठें सुख होतें.

माघांतल्या एका सकाळीं आम्ही जरा लवकर पोंचलों. बाई सारण कालवीत होती. तिनें डब्यांतून पळीभर पांढरें, घट्ट असें कांहीं काढून भाजींत घातलें. मीं सहज विचारलें, "हें लोणी का?" नातीनें तिला विचारलें आणि उत्तर जसेंच्या तसें मला सांगितलें : "नाहीं आजोबा, डुकराचें तेल."

वाचकहो, त्या क्षणाचें वर्णन करीत नाहीं. मीं हातांतला बाओझ खालीं ठेविला. नातीला शाळेच्या दारापर्यंत पोंचविलें, पण वाटेंत एक अक्षर बोललों नाहीं. घरीं येऊन थंड पाण्यानें स्नान केलें, दोन दिवस पाण्याखेरीज कांहीं घेतलें नाहीं, जप केला. त्या दोन दिवसांत पोर माझ्या खोलीच्या दाराशीं दोन-तीनदां येऊन उभी राहिली. मीं डोळे मिटलेलेच ठेविले. माझें प्रायश्चित्त चालू होतें ना!

तिसऱ्या दिवशीं माझें कुटुंब राजापुराहून फोनवर बोललें. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें ती आली नव्हती. सूनबाईनें तिला सर्व सांगितलें असावें.

"दोन दिवस उपास केलात?"

"केला."

"जप?"

"तोही केला."

"बरें केलेंत. तुमचें प्रायश्चित्त झालें. आतां पोरीला कोणतें दिलेंत?"

"तिला मीं कांहींच दिलें नाहीं."

"अबोला दिलात. ती आईला म्हणते, माझ्यामुळें आजोबांना पाप लागलें. काल बाजारांत आईचें बोलणें त्या लोकांना सांगायलाही तिनें तोंड उघडलें नाहीं. अहो, नऊ वर्षांची आहे ती. तुमचा नियम तुम्ही पाळायचा कीं तिनें?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलों. इतकीं वर्षें वर्गांत मीं मुलांस बजावलें होतें कीं, प्रश्न नीट वाचा. अर्धा प्रश्न वाचाल तर उत्तर चुकेल. आणि येथें अर्धा प्रश्न मींच विचारला होता. 'मांस आहे का?' या प्रश्नास बाईनें 'नाहीं' म्हटलें, तें खरेंच होतें. चरबी हें तिच्या भाषेंत मांस नव्हे, तें स्वयंपाकाचें तेल. तिनें फसविलें नाहीं, पोरीनें चुकीचें सांगितलें नाहीं. तरी शिक्षा झाली ती पोरीला.

संध्याकाळीं तिला जवळ बसवून मीं हें सगळें सांगितलें. प्रश्न माझा अपुरा होता, चूक माझी होती, असें स्पष्ट शब्दांत म्हटलें. वडीलधाऱ्या माणसास हें वाक्य उच्चारणें किती जड जातें, हें मला त्या दिवशीं कळलें. ती म्हणाली, "मग आपण पुरा प्रश्न लिहून काढूं या?" आम्ही कागद घेतला. मीं मराठींत सांगितलें, तिनें चिनींत लिहिलें : मांस नको, मासे नकोत, अंडें नको, प्राण्याची चरबी नको. दुसऱ्या दिवशीं तो कागद घेऊन आम्ही दोघें बाओझवाल्या मावशीकडे गेलों.

तिनें कागद वाचला, माझ्याकडे पाहिलें, आणि तिचा चेहरा उतरला. मग तिनें पेन्सिल मागून घेऊन खालीं स्वतःच्या हातानें आणखी दोन ओळी लिहिल्या. एक, हाडें उकळून केलेलें पाणी नको. कारण येथें पुष्कळशा सुपांत तें असतें आणि दिसत नाहीं. दुसरी, कालवांचें काळें चाटण नको. तें भाजीवर घालतात. या दोन्ही गोष्टी माझ्या ध्यानींमनीं नव्हत्या. वर मोठ्या अक्षरांत तिनें एकच शब्द लिहिला : 'सू'. नातीला म्हणाली, आजोबांना सांग कीं "वो छ सू" एवढें म्हणावें. म्हणजे 'मी सात्त्विक खातों.' तिची आजी प्रत्येक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशीं 'सू' पाळीत असे. म्हणजे आपल्या एकादशी-चतुर्थीसारखेंच कीं हो!

नंतर तिनें मला जो प्रश्न विचारला, त्यानें मी थक्कच झालों. ती म्हणाली, "येये, लसूण चालतो का?" माझ्या उभ्या आयुष्यांत घराबाहेरच्या कोणीं मला हें आपण होऊन विचारलें नव्हतें. मुलाला विचारतां त्यानें उलगडा केला. 'सू'च्या उलट शब्द 'हुन'. आज त्याचा अर्थ सामिष अन्न. परंतु त्या अक्षराच्या माथ्यावर गवताची खूण आहे, कारण मुळांत तो शब्द कांदालसणासारख्या उग्र वासाच्या भाज्यांचा. चिनी बौद्ध भिक्षूंस मांसाबरोबर अशा पांच उग्र वनस्पतीही वर्ज्य आहेत. भिक्षूंनीं मांस मुळींच खाऊं नये, हा दंडक तेथें इ.स. ५०२ ते ५४९ या काळांत राज्य करणाऱ्या ल्यांग वंशाच्या वू राजानें जोरानें घालून दिला. शब्दांच्या व्युत्पत्ति शिकविण्यांत माझा जन्म गेला. पण आमचा चातुर्मास एका चिनी अक्षराच्या डोक्यावर बसलेला मला निवृत्तीनंतर भेटला. मीं मावशीला उत्तर धाडलें, "आषाढापर्यंत चालतो!" याचा अर्थ तिला समजावतांना नातीची जी तारांबळ उडाली, तींत तिचा अबोला सुटला.

त्या दिवसापासून ती आमचे चार बाओझ निराळ्या लहान करंडींत, निराळ्या शेगडीवर, मोहरीच्या कुळांतल्या बियांचें तेल घालून करूं लागली. करंडीस ओळखीसाठीं तांबडा दोरा बांधला. पळीही वेगळी. तिला कोणीं सोवळें शिकविलें नव्हतें. दुसऱ्याच्या नियमाचा मान राखावा, एवढें तिला ठाऊक होतें. जादा पैसे देऊं केले, तर तिनें हात हलवून नाहीं म्हटलें.

एक गंमत आणखी. चरबीच्या धास्तीनें मी पुढें अधिक निर्धास्तपणें कोठें खाऊं लागलों असेन? मुसलमान वस्तींत! इ.स. १३८० मध्यें बांधलेल्या नगाऱ्याच्या मनोऱ्यामागें ह्वे मुसलमानांची जुनी पेठ आहे. तेथें डुकराच्या चरबीचें नांव नाहीं. गाईबकऱ्याचें मांस मात्र पुष्कळ, म्हणून कागद तेथेंही दाखवावा लागतो. परंतु एका गाडीवर चिकट तांदूळ, लाल बोरें आणि राजमा यांचे थर देऊन मोठ्या हंड्यांत तासन्‌तास वाफविलेला 'झंगगाओ' मिळतो, त्यास तोड नाहीं. आपल्या बोराच्याच जातीचें तें फळ, पण साखरेवांचून भात गोड करतें. राजापूरच्या ब्राह्मणानें शिआनच्या मुसलमानाच्या गाडीवर बोरभात खावा आणि त्याचें समाधान बौद्ध बाईच्या हस्ताक्षरानें व्हावें, हा योग कोणत्या पंचांगांत लिहिलेला नव्हता.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्यासाठीं, माझ्या फजितीचें सार देतों. एक, नियम सोडूं नका. तो सोडल्यानें कोणी तुम्हांस अधिक आपलें मानीत नाहीं. दोन, नियम तुमचा आहे, तेव्हां विचारण्याचे श्रमही तुमचेच; काय चालत नाहीं तें त्या देशाच्या भाषेंत, तेलापासून रश्शापर्यंत, पुरें लिहून खिशांत ठेवा. तीन, जेथें त्या गांवचे लोक रांग लावून उभे असतात आणि पदार्थ डोळ्यांदेखत कढतो, तेथेंच खा. चार, चूक झाली तर तुमचें व्रत तुम्ही सांभाळा. परंतु ज्या मुलानें तुमच्यासाठीं दुभाष्याचें काम केलें, त्याच्याशीं त्याच दिवशीं बोला. उपास दुसऱ्या दिवशीं केला तरी चालतो.

आषाढी एकादशीपूर्वीं मी परत निघेन. कुटुंबानें तिकडून सांगणें धाडलें आहे कीं, यंदा गव्हाचा चीक थोडा अधिक काढून ठेविला आहे. आल्यावर ती 'थंड साल' कशी करतात, तें करून दाखवावें. आमच्या घरांत तेरा माणसें. पुरुषमाणसानें कढईपाशीं जाणें कितपत जमतें, तें पुढील महिन्याच्या लेखांत कळवीन. कागद पाकिटांत जपून ठेविला आहे. शेवटच्या दोन ओळींचें अक्षर नातीहून पुष्कळ चांगलें आहे, हें मीं अद्याप तिला सांगितलेलें नाहीं.